शोधाचा पंचनामा

१९९३ सालची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती बोळवून सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं उशिरा निजली. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंतींवरची माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर अंथरलेली माती. पावसाळ्याआधी तिच्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा आणि पिढ्या गेल्या तसं छताचं ओझं वाढत जायचं. आज ही गावं लोहारा तालुक्यात आहेत. तेव्हा ती उमरग्यात मोडत, आणि धाराशिव जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. काही किलोमीटरवरच्या किल्लारीच्या नावानं तो भूकंप ओळखला गेला. सरकारी नोंदीत बळींचा आकडा ७,९२८ आहे.

एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, त्या वेळी नव्हतंच. ते २००६ मध्ये उभं राहिलं. लष्कर पोहोचेपर्यंतचा शोध शेजाऱ्यांनी घेतला. टिकाव, खोरं, पहार आणि हात एवढीच साधनं होती.

त्याच भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या मंगरूळ गावी लष्कराची तुकडी मृतदेह बाहेर काढत होती. दीड वर्षाच्या एका मुलीचा तेवढा पत्ता लागत नव्हता. आई-वडिलांना तिचा निदान देह तरी हवा होता. लेफ्टनंट कर्नल सुमीत बक्षी यांनी त्या एका देहासाठी पुन्हा ढिगाऱ्यात शिरायचं ठरवलं. भूकंपाला पाच दिवस उलटले होते. मुलगी जिवंत निघाली.

मराठवाड्यात ही गोष्ट अजूनही चमत्कार म्हणून सांगतात, आणि तो चमत्कार होताच. पण त्याच्या अलीकडे एक साधी बाब उभी आहे. यादीत एक नाव शिल्लक होतं, ते शिल्लक आहे हे शोधणाऱ्याला माहीत होतं, आणि ‘आता पुरे’ म्हणण्याआधी त्याच्यासमोर त्या नावाचे आई-वडील उभे होते. बेपत्ता माणसाच्या शोधाबद्दल जे काही भांडायचं आहे ते सगळं या तीन गोष्टींत येतं.

महाराष्ट्रात दर पावसाळ्यात हा वाद नव्यानं पेटतो. दरड कोसळते, होडी उलटते, पूल वाहून जातो, कुणी गडावरून खाली येत नाही. मग यंत्रणा उशिरा का आली आणि शोध इतक्या लवकर का थांबवला, हे दोन प्रश्न विचारले जातात. प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं मात्र मिळत नाहीत, कारण शोध कसा झाला याचा कागद घरच्यांच्या हाती नसतो. अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं तर तलाठी बांधावर येतो. कोणता गट नंबर, किती आर, किती टक्के नुकसान, हे लिहितो आणि पंचांच्या सह्या घेतो. माणूस हरवला आणि शंभर जणांनी चार दिवस त्याला शोधलं, तर कुठे शोधलं, कशानं शोधलं, कुठे जायचं राहिलं आणि कशामुळे थांबलं, याचा पंचनामा होत नाही. पोलिसांच्या स्टेशन डायरीत त्रोटक नोंदी असतात, पण त्या घरच्यांपर्यंत येत नाहीत. हा पंचनामा व्हायला हवा, आणि त्याची प्रत घरच्यांना हक्कानं मिळायला हवी.

इर्शाळवाडीचं उदाहरण घ्यावं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकर आदिवासींच्या या वाडीवर डोंगर आला. वाडीला रस्ता नव्हता. निसरड्या पायवाटेनं तास-दीड तास चढल्यावर वाडी लागायची, त्यामुळे जेसीबी आणि पोकलेन खालीच राहिले. एनडीआरएफचे जवान, डोंगरी बचावाचं काम करणारी गिर्यारोहक मंडळी आणि आजूबाजूच्या गावांतले लोक यांनी पावसात, धुक्यात, घमेली हातोहात देत माती उपसली. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. चार दिवसांत २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला पालकमंत्री उदय सामंत यांनी शोध थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ५७ माणसं मातीखालीच होती.

तो निर्णय चुकीचा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. देह कुजू लागले होते, पाऊस थांबत नव्हता, डोंगर पुन्हा सरकण्याची भीती होती आणि वाचलेल्यांशी बोलूनच थांबायचं ठरलं होतं. दोन वर्षं आधी, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, तिथेही असंच झालं. ५३ मृतदेह मिळाले आणि ३१ जणांचा शोध थांबवला गेला. थांबण्याला कारणं असतात. ती कारणं पत्रकार परिषदेत बोलून संपतात, हे खटकणारं आहे. वाचलेल्यांमध्ये कुणाची आई गेलेली असते, कुणाची तीन मुलं, तर कुणाचं घर अख्खं वाचलेलं असतं. ‘गावाची संमती’ या दोन शब्दांत हे सगळे एकाच ओळीत बसवले जातात. ५७ नावांपैकी प्रत्येकाच्या घराला सांगायला हवं होतं की तुमच्या घराची जागा नकाशावर ही, तिथे इतक्या खोलीपर्यंत खणलं, त्यापुढे या कारणानं गेलो नाही.

शिवाय ५७ ही संख्या ठरवणंही सोपं नव्हतं. वाडीतली बरीच मुलं निवासी आश्रमशाळांत होती म्हणून वाचली. कोण वाडीत होतं आणि कोण नव्हतं, हे जुळवण्यातच शोधाचे मोलाचे तास जातात. यादी चुकली की एक तर नसलेल्या माणसासाठी माती उपसली जाते, नाहीतर असलेल्या माणसाला कुणी शोधतच नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, ते प्रथम लक्षात आलं एका एसटी चालकाच्या. नेहमीच्या रस्त्यावर गाव दिसेना, तेव्हा त्यानं कळवलं. तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली. शोधाची घंटा वाजवणारा माणूस बहुधा कुठल्याही बचाव यंत्रणेतला नसतो, हे लोहाऱ्यासारख्या तालुक्यानं विशेष ध्यानात ठेवायला हवं. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. सास्तूरच्या शिवारात कुणी हरवलं तर ही पथकं वाटेला लागण्याआधीच बरंच काही होऊन गेलेलं असेल.

थांबू नका, शोधत राहा, असं म्हणणं सोपं असतं. त्याची किंमत मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात मोजली गेली. सुगावजवळ प्रवरेत पोहायला उतरलेली मुलं बुडाली. त्यांना शोधायला धुळ्याहून आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट दुसऱ्या दिवशी भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. जो बुडाला आहे हे जवळपास नक्की, त्याच्या देहासाठी जिवंत माणसांनी किती धोका पत्करायचा? घरचे या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांच्याकडून ते मागणंही क्रूरपणाचं आहे. पाण्याचा वेग किती, बंधाऱ्याचं पाणी बंद करता येईल का, केव्हा उतरायचं, केव्हा नाही, हे पथकप्रमुखानं ठरवावं आणि लिहून ठेवावं. तो कागद उद्या त्याचंही रक्षण करील. एखाद्या अधिकाऱ्यानं भोवऱ्यात बोट घालायला नकार दिला, तर नातेवाइकांच्या संतापासमोर आणि वरच्यांच्या फोनसमोर त्याला टेकायला काहीतरी हवं.

शोधाचा हिशेब नसला की काय होतं, ते गोव्याच्या खाली, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसलं. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूर इथे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर डोंगर कोसळला. रस्त्याकडेची चहाची टपरी गेली, गॅसचा टँकर गंगावळी नदीत फेकला गेला, आणि लाकूड भरलेला एक ट्रक केरळच्या चालकासह नाहीसा झाला. घरच्यांचा विश्वास होता की ट्रक रस्त्यावरच्या मातीखाली आहे आणि केबिनमध्ये तो जिवंत असू शकतो. पहिले काही दिवस माती उपसली गेली. केरळच्या वाहिन्या तिथे तळ ठोकून होत्या, दोन राज्यांची सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत होती, लष्कर आलं, माती बाजूला झाली, ट्रक नव्हता. मग नदी. सोनार लावलं, पाणबुडे उतरले, प्रवाह इतका होता की २८ जुलैला सगळं थांबलं. ऑगस्टमध्ये पुन्हा सुरुवात, पुन्हा खंड. शेवटी गोव्याहून ड्रेजर आणला गेला आणि २५ सप्टेंबरला, ७१ दिवसांनी, नदीच्या तळातून ट्रक वर आला. केबिनमध्ये त्या चालकाचे अवशेष होते.

या शोधावर कडाक्याचं भांडण झालं. लोकांच्या रेट्यामुळेच ड्रेजर आला, हे मान्य करायला हवं; रेटा नसता तर ते घर आजही वाट पाहत राहिलं असतं. पण त्याच दरडीत स्थानिक माणसंही बेपत्ता झाली होती आणि त्यांच्यामागे वाहिन्या नव्हत्या. जिथे शोधाचा नियम नसतो तिथे आवाज मोठा असणाऱ्याचा शोध लांबतो. ट्रक मातीत की नदीत, हा अंदाज कोणी, कोणत्या आधारावर बांधला, आणि तो केव्हा बदलला, हे रोज संध्याकाळी एका पानावर लिहून घरच्यांना वाचून दाखवलं असतं, तर निदान अफवांना एवढं रान मिळालं नसतं.

शोध घेण्याचं एक शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी बर्नार्ड कूपमन या गणितज्ञानं त्याची मांडणी केली. समुद्रातली पाणबुडी शोधायची तर कुठल्या पट्ट्यात ती असण्याची शक्यता किती आणि तिथे असली तर आपल्याला दिसण्याची शक्यता किती, हे दोन आकडे वेगवेगळे धरायचे. एखादा पट्टा पाहून झाला की तिथली शक्यता कमी होते, शून्य होत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. उभ्या तुरीतून दहा जण ओळीनं चालत गेले तरी सरीत आडवा पडलेला माणूस दोन हातांवरून सुटू शकतो. ‘ते शेत पाहिलं’ एवढं म्हणून भागत नाही. किती जणांनी पाहिलं, दिवसा की बॅटरीच्या उजेडात, तासभर की दहा मिनिटं, हेही सांगावं लागतं.

रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ ला २२८ जणांसह अटलांटिकमध्ये पडलं. दोन वर्षं शोध झाला, सांगाडा मिळेना. मग गणितज्ञांच्या एका गटानं आधीच्या सगळ्या शोधांच्या नोंदी पुन्हा मांडल्या. विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळचा पट्टा सुरुवातीलाच बाद झाला होता, कारण तिथे ब्लॅक बॉक्सचा आवाज ऐकू आला नव्हता. आवाज देणारी दोन्ही उपकरणं बिघडलेलीच असली तर, असं धरून त्यांनी हिशेब केला, आणि बाद झालेला तोच पट्टा सर्वांत वर आला. तिथे शोध सुरू झाला आणि आठवडाभरात, एप्रिल २०११ मध्ये, सांगाडा सापडला. कोणी, कुठे, कशानं शोधलं हे लिहिलेलं होतं म्हणून चूक कुठे झाली ते कळलं. मलेशियाच्या एमएच ३७० विमानाचं तसं झालं नाही. ८ मार्च २०१४ ला २३९ जणांसह ते नाहीसं झालं. पाच भारतीयांपैकी काही मराठी घरांतले होते. समुद्रतळाचे १,२०,००० चौरस किलोमीटर पाहून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला, तेव्हा नातेवाइकांनी विरोध केला. पण ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेनं त्या अपयशी शोधाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि पुढे पुन्हा शोध सुरू करणाऱ्यांना कुठे जायचं नाही हे तरी त्यातून समजलं.

लोहाऱ्याला ना महासागर आहे ना कडा. इथलं हरवणं वेगळ्या चालीचं असतं. विसराळू झालेले आजोबा दुपारी घराबाहेर पडतात आणि परत येत नाहीत. कर्जाच्या फेऱ्यातला शेतकरी मोटारसायकल बांधावर लावून दिसेनासा होतो. ऊसतोडीला गेलेल्या टोळीतलं लेकरू फडात राहतं. गाव आधी विहिरी पाहतं. चार टोकांचा गळ दोराला बांधून टाकतात, भोई समाजातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला बोलावतात, माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा काठ फिरून येतात. नातेवाइकांना फोन, बसस्थानकावर चौकशी, व्हॉट्सॲपवर फोटो. मग कुणीतरी पोलीस ठाण्यात जाऊन ‘मिसिंग’ दाखल करतं.

इथे एक गैरसमज अजून घट्ट आहे, की २४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मूल हरवलं असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवून तपास करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर १० मे २०१३ ला झाला. मोठ्या माणसाच्या बाबतीत साधी नोंद होते आणि तपास एका हवालदाराकडे जातो. त्याच्याकडे अशा अनेक नोंदी असतात, बंदोबस्त असतो, समन्स बजावणं असतं. मोबाइलचं शेवटचं टॉवर लोकेशन मिळवायला वरिष्ठांची मंजुरी लागते. ते हाती येईतो बॅटरी उतरलेली असते.

या नोंदींचा आकार केंद्रीय गृह मंत्रालयानं जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितला. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रात १,७८,४०० महिला आणि १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. यातल्या पुष्कळ जणी पुढे सापडतात किंवा स्वतः परत येतात, म्हणून हा आकडा दाखवून भीती घालणं चुकीचं. पण त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे काही दिवसांचा तरी शोध होता किंवा व्हायला हवा होता, आणि त्या शोधाचं पान कुठेही नाही.

याच नोंदींमुळे एक गंभीर आक्षेप समोर येतो. सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीनं घर सोडून गेली असेल, घरात मारहाण होत असेल, लग्न लादलं जात असेल, तर तिच्या शोधाचा कागद घरच्यांना देणं म्हणजे तिचा पत्ता त्यांच्या हाती देणं ठरेल. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. म्हणून शोधाच्या पंचनाम्यात सापडलेल्याचा ठावठिकाणा कधीही येता कामा नये. ती सुखरूप आहे, तिचा जबाब झाला आहे, शोध संपला आहे, एवढंच घरच्यांना कळावं. काय केलं हे सांगण्याची जबाबदारी आणि कुठे आहे हे न सांगण्याची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यानं पेलायची असते, आणि ती पेलता येते.

कागद नसला की त्याची जागा कुजबुज घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगडावर तानाजी कड्याच्या बाजूनं एक तरुण दिसेनासा झाला. पोलीस, अग्निशमन दल, स्थानिक बचाव पथकं दरीत उतरली. दरम्यान सीसीटीव्हीतल्या एका अंधूक आकृतीवरून समाजमाध्यमांवर निकाल लागूनही गेला, की हा सगळा बनाव आहे. पाचव्या दिवशी तो गडाच्या परिसरातच जिवंत सापडला, थकलेला, खंगलेला. पुन्हा पाचच दिवस, मंगरूळसारखेच. दरीत दोराला लटकून शोधणारे स्वयंसेवक त्या बनावाच्या चर्चेनं मागे फिरले असते तर काय झालं असतं, याची कल्पनाही नकोशी वाटते. ही मंडळी पगारी नाहीत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स यांसारख्या संस्थांमधले लोक नोकरी-दुकान सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या त्यांच्या समन्वय केंद्राकडे मदतीचा एक फोन गेला की जवळच्या पथकाला निरोप जातो. सह्याद्रीनं आपल्यापुरती व्यवस्था उभी केली आहे. बालाघाटच्या पठारावर तशी काही नाही.

आणि सह्याद्रीतली व्यवस्था हुबेहूब उचलून आणूनही चालणार नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट कोस्टर यांनी शोधमोहिमांच्या हजारो नोंदी तपासून हरवलेली माणसं कशी वागतात यावर २००८ मध्ये पुस्तक लिहिलं. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती बहुधा समोर दिसेल त्या दिशेनं अडेपर्यंत चालत राहते आणि झुडपात किंवा खड्ड्यात अडकून पडते. हाका मारल्या तरी ओ देत नाही. लहान मूल घाबरून लपतं किंवा झोपी जातं, आणि अनोळखी आवाजाला उत्तर देत नाही. हे कळलं कारण तिथे प्रत्येक शोधाची नोंद जपली गेली. आपल्याकडे हरवलेली म्हातारी माणसं घरापासून किती अंतरावर सापडतात, विहिरीत किती, उसात किती, दुसऱ्या गावच्या देवळात किती, एसटीनं तुळजापूरला किंवा पंढरपूरला पोहोचलेली किती, याचा हिशेब कुठल्या तालुक्यानं ठेवला आहे? तो लोहाऱ्यानं ठेवायला सुरुवात केली, तर दहा वर्षांत इथल्या शिवारात कुठे आधी पाहायचं हे इथल्याच अनुभवातून कळेल. दरवेळी पहिल्या विहिरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

कधी कधी शोध दुसऱ्या टोकानं संपतो. मनोरुग्ण होऊन रस्त्यावर भटकणाऱ्या माणसांना उचलून, उपचार करून, त्यांच्या गावी पोहोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतहून करते. त्यासाठी त्यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी परत नेलेल्यांपैकी अनेकांना घरच्यांनी केव्हाच मेलेलं धरलं होतं. ज्या पोलीस ठाण्यात त्या माणसाची जुनी नोंद धूळ खात असते, तिथला शोध कधीच थांबलेला असतो, पण तो थांबला असं कुणी लिहिलेलं नसतं, आणि पुन्हा केव्हा उघडायचा हेही नाही.

दरम्यान घर अधांतरी राहतं. दरडीत गेलेल्यांना सरकार खास निर्णयानं मृत घोषित करतं, वारसांना मदत मिळते. एकट्यानं हरवलेल्याला तशी वाट नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला न्यायालय मृत मानू शकतं. जुन्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमात ही तरतूद होती, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १११ व्या कलमात आहे. तोपर्यंत सातबाऱ्यावर वारसाची नोंद नाही, विमा नाही, बँकेतले पैसे नाहीत, आणि बायकोनं कुंकू लावायचं की नाही हे भावकी ठरवते. सात वर्षांनी न्यायालयात उभं राहताना त्या बाईकडे ‘मिसिंग’ची एक पावती असते. शोधाचा पंचनामा असता तर माणूस खरोखर शोधला गेला होता आणि मिळाला नाही, हे तिला एका कागदानं सांगता आलं असतं.

पोलीस ठाणी आधीच कामानं वाकलेली आहेत, त्यात आणखी एक कागद कुठून, असं म्हटलं जाईल. पान एकच आहे. शेवटचं कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं, खबर केव्हा आली, कोण, कोणत्या भागात, काय घेऊन गेलं, काय राहिलं, कशामुळे थांबलो आणि काय कळलं तर पुन्हा सुरू करू, घरच्यांनी कोणाशी बोलायचं. गावातल्या नोंदी पोलीस पाटलाला लिहिता येतील, गावाचं शिवार त्याच्याइतकं ठाण्यातल्या कुणालाच माहीत नसतं. पुणे, नाशिक, अहिल्यानगर जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणेनं दाखवलं आहे की एका फोनवरून गावातल्या शेकडो मोबाइलवर एकाच वेळी आवाजी निरोप जाऊ शकतो. मूल हरवल्याचा निरोप असा गेला, तर ज्याच्या शेतात ते आहे तो स्वतःच शोधणारा होतो. गळ टाकणारे, पोहणारे, जेसीबी चालवणारे, फवारणीचा ड्रोन घेतलेले तरुण लोहारा तालुक्यात आजही आहेत. त्यांची नावं कुठेही एकत्र लिहिलेली नाहीत, एवढंच.

किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी दर ३० सप्टेंबरला भूकंपातल्या मृतांना मानवंदना दिली जाते. दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा भरते. सास्तूरच्या, होळीच्या, राजेगावच्या ग्रामसभेत त्या दिवशी अर्धा तास काढता येईल. गावात पट्टीचे पोहणारे कोण, गळ कोणाच्या घरी आहे, उघड्या विहिरी किती आणि कठडा नसलेल्या किती, कोणत्या घरात एकट्यानं बाहेर पडणारं म्हातारं माणूस आहे, हे मोठ्यानं वाचून घ्यावं. आणि गेल्या वर्षभरात हरवलेल्यांपैकी जे अजून आलेले नाहीत, त्यांची नावंही.